लेस्वॉस बेटावर उद्याची एकच सकाळ हाताशी आहे, कुठं जावं?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. इथं रात्रीचे साडेनऊ झालेत, म्हणजे तुमच्याकडं बारा वाजले असतील. मी पहाटे साडेपाचला उठेन तेव्हा तुमच्याकडं सकाळचे आठ. तोवर कुणी वाचलं तर दोन ओळी जरूर लिहा.

मी तासगाव तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरी द्राक्षबाग आहे. खरड छाटणी आणि तिच्यामागची विरळणी सोडून मालक कुठं येणार नाहीत, म्हणून जर्मनीतल्या लेकीनं मला एकटीलाच बोलावून घेतलं. दहा दिवस आम्ही दोघी या ग्रीक बेटावर पक्षी बघत हिंडतोय. मुक्काम स्काला कलोनी नावाच्या समुद्रकाठच्या गावात. उद्या दुपारी तीनला मितिलिनीच्या विमानतळावर भाड्याची गाडी परत द्यायची आहे आणि रस्ता तासाभराचा आहे. म्हणजे खरी सकाळच काय ती आपली.

इथलं मिठागर मी सात वेळा बघितलं. पांढऱ्या मिठाचा डोंगर रचलेला, त्याच्यापुढं उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग. उचाट्या आहेत, शेकाट्या आहेत. शेकाट्या दिसल्यावर येरळेच्या बंधाऱ्यावर उभी आहे असंच वाटलं. तीच लांबलचक तांबडी तंगडी, तीच चिडकी हाक. पश्चिमेकडं इप्सिलूचा मठ आहे, उंच उघड्या टेकडीवर. तिथं राखी भारीट मिळाला. तुर्कस्तान, त्याला लागून असलेली अशी एकदोन ग्रीक बेटं आणि इराणचा थोडा भाग सोडला तर तो फारसा कुठं वीण घालत नाही. तो दिसला त्या दिवशी लेकीनं मला मिठीच मारली.

आता दोन गोष्टी राहिल्यात आणि दोन्ही एका सकाळीत बसतील असं वाटत नाही.

एक म्हणजे क्रूपरची शिलिंध्री हा छोटा पक्षी. आख्लादेरीच्या पाइनच्या जंगलात असते. दोनदा गेलो, दोनदा हात हलवत परत आलो.

दुसरा आपला काळ्या डोक्याचा भारीट. तो गेल्या तीन-चार दिवसांतच इथं पोचायला लागलाय. दोनदा गाडीतून तारेवर दिसला, पण मागून ट्रक येत होता, थांबता आलं नाही. तुम्ही म्हणाल, तो काय आपल्याकडं कमी दिसतो? त्याचं कारण सांगते. माझं माहेर जत तालुक्यातलं. पौषात शाळू दाण्यात आला की शाळा बुडवून राखणीला जावं लागायचं. माळ्यावर बसायचं, गोफणीत खडा घालायचा, हाऽऽ होऽऽ करून ओरडायचं. थवा उठला की पिवळसर चादर झटकल्यासारखं व्हायचं, आणि चार तासं पलीकडं जाऊन पुन्हा बसायचा. त्या पक्ष्याला आम्ही नावसुद्धा ठेवलं नव्हतं. नुसती 'पाखरं'. चाळिशीत पहिली दुर्बीण हातात आली तेव्हा कळलं की हा भारीट, आणि याचं घर युरोपच्या या कोपऱ्यात आहे.

लेकीचं मन शिलिंध्रीत आहे. माझं कशात आहे ते वरच्या मजकुरावरून कळलंच असेल. तरी जाणत्यांनी सांगावं.

अजिंक्यतारा

ताई, मी त्या बेटावर एकदा एप्रिलअखेरीस जाऊन आलोय, म्हणून ठामपणे लिहितो. शिलिंध्री सोडू नका. अख्ख्या ग्रीसमध्ये ती फक्त लेस्वॉसवर आहे. बाकी तिचं राज्य तुर्कस्तानात आणि पुढं कॉकेशसकडं. भारीट तुम्हाला जानेवारीत कवठेमहांकाळच्या रस्त्याला शेकड्यांनी दिसेल. शिलिंध्रीसाठी परत एवढा प्रवास होणार आहे का?

उंच शेंड्याकडं बघून मान मोडून घेऊ नका. ती वाळलेल्या, कुजायला लागलेल्या पाइनच्या खोडात बीळ कोरून घरटं करते. मेलेली खोडं शोधा, अगदी माणसाच्या उंचीची बुटकी खुंटंसुद्धा, आणि अंतर राखून गप्प बसून राहा. डोक्यावर पुढच्या बाजूला काळी टोपी, छातीवर विटकरी डाग. एवढं दिसलं की काम झालं. मोबाईलवर आवाज वाजवून बोलावू मात्र नका. पिल्लांचे दिवस आहेत, बिचारी चारा सोडून भांडायला येते.

अजिंक्यताऱ्याच्या तटावर थंडीत निळा कस्तूर बसतो, तो तिथल्या मोलिवोसच्या किल्ल्यावर बघून मलाही गहिवरून आलं होतं, त्यामुळं तुमची ओढ कळते. पण माझं मत शिलिंध्रीला.

जतचा शाळू

बाई, तुम्ही तर आमच्याच तालुक्याच्या माहेरवाशीण निघाला. आमची थ्री फेज लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, मोटर चालू करून बांधावर बसलोय, म्हणून लगेच लिहितो.

मी अजून अडीच एकर शाळू करतो. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं तसं शेजारी ऊस, डाळिंब, द्राक्षाकडं गेले. पाणी आलं ते चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पण शिवारात एकट्याचाच शाळू राहिल्यावर सगळी पाखरं माझ्याच रानात उतरतात. एका वर्षी वैतागून जाळं लावलं. सकाळी जाऊन बघतो तर चार पाखरं पंख अडकून मेलेली. एक जिवंत होतं, ते सोडवताना माझ्या अंगठ्याला चावलं. जाळं त्याच दिवशी गुंडाळलं. आता चकाकणारी फीत बांधतो आणि स्वतः फिरतो.

यंदा होळीपर्यंत थोडी होती. नरांची डोकी काळी कुळकुळीत झालेली, छाती ओल्या हळकुंडासारखी. पाडव्याला एक नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना हाकलतोय, पण एकानंही कधी गाणं म्हटलेलं मी ऐकलं नाही. नुसतं चिप्‌ चिप्‌ करतात आणि उडतात. तिकडं गातात म्हणे. तुम्ही तिथं आहात तर ऐका, आणि मोबाईलवर घेऊन इथं टाका. आईला ऐकवायचंय. ती ऐंशीच्या पुढं आहे, उभा जन्म तिनं राखण केली.

मिरजकर

ताई, दोन्ही करा. अंधारात निघा, आधी शेत आणि मग जंगल, कारण सावलीत उशिरापर्यंत पक्षी हलते राहतात आणि उघड्यावर ऊन चढलं की सगळं गप्प. बॅगा रात्रीच गाडीत टाका. गाडीत तेल भरायला वीस मिनिटं धरा, शेवटच्या दिवशी तेच विसरतं.

कासपठार

मावशी, मी साताऱ्यात प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. जतच्या काकांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. गाणं विणीच्या जागेशी बांधलेलं असतं. नर उंच जागी बसून गातो ते शेजारच्या नराला हद्द कळावी आणि मादीनं यावं म्हणून. आपल्याकडं त्याला ना हद्द राखायची ना घरटं करायचं, नुसतं थव्यानं पोट भरायचं.

आणखी एक. युरोपातले बहुतेक उन्हाळी पाहुणे थंडीत आफ्रिकेकडं उतरतात. हा भारीट मात्र पूर्वेला वळतो आणि तुर्कस्तान, इराण ओलांडून भारतात येतो. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात त्याचा हिवाळा जातो. लेस्वॉसपासून सांगली सरळ रेषेत मोजली तरी ५,००० किलोमीटरच्या वर भरते आणि पाखराचं वजन साधारण ३० ग्रॅम. तुम्हाला उद्या दिसेल तो नेमका जतच्याच शाळूतला, असं मात्र म्हणता येणार नाही. पायात कडं घातलेलं असल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही.

तुमच्या मुक्कामापुढं जी कलोनीची खाडी आहे तिच्या काठी इसवी सनापूर्वी ३४५ च्या सुमारास ॲरिस्टॉटल राहिला होता. तिथले मासे, शिंपले, पक्षी त्यानं बघून लिहून ठेवले. एवढा बारीक बघणारा माणूस, पण काही पक्षी थंडीत कुठं जातात ते त्याला कळेना. म्हणून त्यानं लिहिलं की थिरथिरा हिवाळ्यात रॉबिन होतो, आणि उन्हाळ्यात परत थिरथिरा. चूक आहे, पण मला त्याची ती चूक फार आवडते. तो दाराशी बसून होता आणि दुसरं दार त्याला माहीत नव्हतं. तुम्ही दुसऱ्या दाराकडून आलात. माझं मत भारिटाला.

येरळाकाठ

अथेन्सच्या विमानतळावर बसून लिहितेय. लेक बॅगेवर डोकं टेकून झोपलीय. सगळ्यांचे आभार, सगळी उत्तरं पहाटे चहा उकळेपर्यंत वाचून काढली.

ठरलं ते मिरजकरांचं. साडेआठपर्यंत भारीट, मग आख्लादेरी, साडेबाराला जंगलाबाहेर. लेक थोडी हिरमुसली, पण गाडी तिनंच काढली.

मिठागराच्या मागं आत एक धुळीची वाट जाते. एका अंगाला सातूचं शेत, ओंब्या नुकत्या निसवलेल्या. दुसऱ्या अंगाला ऑलिव्हची झाडं, आणि मध्ये काटेरी जाळीत बुडालेलं तारेचं कुंपण. गाडी बंद करून काचा खाली घेतल्या. आधी तुरेवाला चंडोल. मग लांबून गाढवाची ओरड. मग तो.

काका, गाणं असं आहे. सुरुवातीला दोन-तीन कोरडे सूर, फणीच्या दातांवरून नख ओढल्यासारखे. ते भराभर एकमेकांजवळ येतात आणि शेवटी गोड वळण घेऊन खाली उतरतात. दोन-तीन सेकंदांचा सगळा खेळ. मग थांबतो, इकडं तिकडं बघतो, आणि परत तेच. चाळीस मिनिटांत मी तेच ऐकलं आणि एकदाही पुरे झालं असं वाटलं नाही.

आमच्यापासून पंधरा पावलांवर तारेवर बसला होता. पाठ विटकरी, गळ्यापासून शेपटीखालपर्यंत हळद, डोक्याला काळं टोपरं. गाताना चोच वर करायचा तेव्हा गळ्याची पिसं फुगून एकेक सुटी दिसायची, सूर संपला की परत चापून बसायची. वाऱ्यानं तार हलत होती, हा हलत नव्हता. मध्येच थांबून त्यानं चोच तारेवर पुसली, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. शाळूचा चिक चोचीला लागला की कणसाच्या दांड्यावर तो हेच करायचा. माळ्यावरून पाहिलंय मी. तेव्हा माझ्या हातात गोफण होती.

दुर्बीण खाली ठेवावी लागली, काचा भिजल्या.

कासपठार, तुझं हद्दीचं सांगणं डोळ्यांनी बघितलं. त्या वाटेवर तीन नर होते आणि तिघांचे खांब ठरलेले. मधला एकदा पुढच्या खांबावर जाऊन बसला, तर तिकडचा सातूतून सुसाट आला आणि त्याला मागं रेटून गेला. आपल्याकडं हेच पाखरू शंभरात खांद्याला खांदा लावून खातं.

मग एक म्हातारी आली. काळा झगा, डोक्याला रुमाल, हातात खुरपं. आमच्याकडच्या कुठल्याही आजीला तिथं उभी केली असती तर फरक कळला नसता. कालिमेरा म्हणाली, आम्हीही म्हणालो. लेकीनं तारेकडं बोट दाखवलं. म्हातारी लगेच म्हणाली, "आंबेलुर्गोस." पक्ष्याचं तिकडचं नाव. लेकीनं मोबाईलवर अर्थ बघितला आणि माझ्याकडं वळून नुसती बघतच राहिली. द्राक्षवेलीची मशागत करणारा! द्राक्षाच्या वेलीत तो खालच्या अंगाला घरटं करतो, वेलीवर बसून गातो, म्हणून ते नाव.

तासगावच्या बाईनं हे कुठं जाऊन ऐकावं? मी म्हातारीला मोबाईलवरचा आमच्या बागेचा फोटो दाखवला, फेब्रुवारीतला, घड लोंबलेले. तिनं तो दोन बोटांनी मोठा केला, घड बघितले, मग दोन बोटांची कात्री करून विचारलं, छाटता कधी? मी बोटांवर एप्रिल आणि ऑक्टोबर दाखवलं. वर्षातून दोनदा, हे तिला खरं वाटेना. तिच्याकडं वेल थंडीत झोपते आणि एकदाच छाटतात. मग तिनं मला घरामागं नेलं. आठ-दहा वेली, वीतभर नवी फूट आलेली. तिनं कोवळी पानं खुडून ओंजळ भरली आणि हातवाऱ्यांनी सांगितलं, यात भात भरायचा, गुंडाळायचा, शिजवायचा. विरळणीत निघालेली तीच फूट आपण बांधावर टाकून देतो. निघताना तिनं माझा हात उलटा करून बोटं बघितली. तिच्या बोटांना जसे घट्टे होते तसे माझ्या नाहीत, खडूनं हात कोरडे झाले तेवढेच. घट्टे मालकांच्या हाताला आहेत.

तिथूनच मालकांना फोन लावला. तुमच्याकडं साडेअकरा वाजले असतील, ते बागेतच होते. सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "वेल मांडवावर का वायवर?" मी म्हटलं, मांडवही नाही, वायही नाही, झुडपासारखी बुटकी ठेवतात. ते म्हणाले, मग पाखराला बरंच आहे. थोडं थांबून म्हणाले, आवाज मलाही पाठव.

या सगळ्यात नऊ कधीच वाजून गेले होते. आख्लादेरीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, पाइनचा डिंकाचा वास सुटला होता. अजिंक्यतारा, मेलेल्या खोडांचं तुमचं सांगणं बरोबर निघालं. पाऊण तास एका वाळक्या खुंटासमोर गप्प बसलो आणि लेकीला ती दिसली. चोचीत किडा, खुंटाच्या कडेला दोन उड्या, आणि आत. मी नेमकी पाण्याची बाटली उघडत होते. नंतर दोनदा आवाज आला, पण ती झाडांमागूनच निघून गेली. मी वहीत 'ऐकली' एवढंच लिहिलंय. लेकीनं तिच्या वहीत छातीच्या विटकरी डागासकट चित्र काढलं. ती खूश आहे, तिनं बेट निवडलं त्याचं चीज झालं. मला रुखरुख आहे, नाही कशाला म्हणू? पण सकाळ परत मिळाली तरी मी आधी त्या तारेपाशीच जाईन.

काका, आवाज आणि फोटो खाली जोडलेत. एक मिनिट दहा सेकंद आहे. सुरुवातीला वारा आहे आणि मध्ये एक मोटरसायकल जाते, तेवढी सोसा.

अजिंक्यतारा

ताई, 'ऐकली' असं प्रामाणिकपणे लिहिणारे थोडे असतात. माझं मत मी मागं घेत नाही, पण तुमचा निर्णय तुमच्यासाठी बरोबर होता. आवाज तीनदा ऐकला.

जतचा शाळू

बाई, आवाज मिळाला. आज दुपारी आईच्या कानाला मोबाईल लावला. कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं दोनदा वाजवला. आधी म्हणाली, "ह्ये आपलं न्हवं." मग तुमचा फोटो दाखवला. तो तिनं डोळ्यांजवळ धरला आणि ओळखलं. म्हणाली, "आरं, ह्ये तर शाळूतलं. मग हितं गप का ऱ्हातंय?" कासपठारनं लिहिलेलं मी तिला समजावून सांगितलं, की घरटं तिकडं असतं, पिल्लं तिकडं होतात. ती म्हणाली, "म्हंजी म्हायार तिकडं हाय." आणि परत लाव म्हणाली.

रात्री आईनं सुनेला बोलावून तिलाही ऐकवलं. आता मोबाईलमध्ये तो आवाज कुठं ठेवलाय ते आईला सापडत नाही, म्हणून मी तो नातवाकडून पहिल्या पानावर काढून घेतलाय.

एक विचारायचं होतं. कार्तिकात थवा उतरतो तेव्हा त्यात यंदाची पिल्लं किती, हे लांबून ओळखता येतं का? कासपठारला ठाऊक असेल तर तिनं लिहावं. पहिला थवा रानात दिसला की मी तारीख इथंच टाकतो.